उंदोकाई: जपानी ऑफिस मैदानात उतरतं तेव्हा

लोकलमध्ये लटकताय, बसची वाट बघताय, की भांडी घासता घासता ऐकताय? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून ठेवलाय. माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. मुलगा चाकणला एका जपानी कंपनीत आहे. त्याने लिहिलंय, “ताई, आमच्या जपानी साहेबांनी डिसेंबरमध्ये ऑफिसची ‘उंदोकाई’ करायची ठरवलीय आणि आयोजन माझ्या गळ्यात टाकलंय. तू जपानला होतीस ना? हे नक्की काय असतं? आणि लोक येतील का गं?”

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती मी आजवर या पॉडकास्टवर कधी सांगितलेली नाही. आज सांगते.

आधी शब्दापासून सुरुवात करू. जपानीत ‘उंदो’ म्हणजे हालचाल, व्यायाम. ‘काई’ म्हणजे मेळावा, सभा. उंदोकाई म्हणजे सरळ भाषेत मैदानी खेळांचा दिवस. आपल्या शाळेत गॅदरिंगच्या आधी स्पोर्ट्स डे असायचा, लिंबू-चमचा, पोत्याची शर्यत, रस्सीखेच, तसंच काहीसं. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे स्पोर्ट्स डे म्हटलं की वर्गातली पाच-सहा चपळ मुलं पदकं घेऊन जायची आणि बाकीचे आपण कडेला बसून शेंगदाणे खायचो. जपानी उंदोकाईत अख्खी शाळा दोन भागांत वाटलेली असते, लाल आणि पांढरा. जिंकतो तो संघ, एकटा मुलगा नाही.

हे लाल-पांढरं कुठून आलं? बाराव्या शतकात, 1180 ते 1185, जपानमध्ये ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांमध्ये मोठं युद्ध झालं. ताइरांचं निशाण लाल, मिनामोतोंचं पांढरं. तेव्हापासून जपानमध्ये दोन बाजू पाडायच्या म्हटल्या की लाल आणि पांढरी. शाळेतल्या मुलांची टोपीसुद्धा एका बाजूने लाल आणि उलटी केली की पांढरी असते. मला ही टोपी फार आवडते. कालपर्यंत शत्रुपक्षात असलेला मित्र टोपी उलटी करतो आणि आपल्या बाजूला येतो.

तर प्रत्येक जपानी माणूस लहानपणापासून हे करत आलेला असतो. मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा, एका बाजूला तंबू, आई-बाबा आणि आजी-आजोबा सतरंजीवर डबे उघडून बसलेले, आणि लाउडस्पीकरवर ऑफेनबाखचं ते धावपळीचं संगीत. नाव माहीत नसलं तरी तुम्ही ते कार्टूनमध्ये नक्की ऐकलंय. आणि हीच मुलं मोठी होऊन नोकरीला लागली की कंपनी त्यांना पुन्हा मैदानावर बोलावते. ती ऑफिसची उंदोकाई.

माझी पहिली उंदोकाई तोक्योतली. मी तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला लागून चार महिने झाले होते. जपानी जेमतेम. मीटिंगमध्ये मी मान डोलवायची आणि नंतर डेस्कवर येऊन डिक्शनरी उघडायची. ऑक्टोबर महिना होता. ऑक्टोबर हा जपानमध्ये खेळांचा महिना. 10 ऑक्टोबर 1964 ला तोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन झालं होतं. त्याची आठवण म्हणून 1966 पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली, आणि 2000 पासून ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असते. आमची उंदोकाई मात्र शनिवारी होती, नदीकाठच्या एका भाड्याच्या मैदानावर. शनिवारी! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी साडेआठला पोचले तर सगळे ट्रॅकसूटमध्ये. आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी फक्त करड्या सूटमध्ये पाहिलं होतं, ते डोक्याला लाल पट्टी बांधून मैदानावर पाण्याचे खोके उचलत होते. मग लाउडस्पीकरवर पियानो वाजायला लागला आणि सगळेच्या सगळे, मॅनेजरपासून ट्रेनीपर्यंत, एकसारखे हात वर-खाली करायला लागले. याला म्हणतात ‘राजिओ ताइसो’, रेडिओवरचा व्यायाम. 1928 साली तो रेडिओवर सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकन ताब्याच्या काळात, काही वर्षं बंद पडला, आणि 1951 मध्ये नव्या रूपात परत आला. आजही रोज सकाळी साडेसहाला तो रेडिओवर लागतो. कोणालाच आठवावा लागत नाही, अंगातच बसलेला असतो. मी एकटीच शेजारणीकडे बघून अर्धा सेकंद उशिरा हात हलवत होते. कोणी हसलं नाही.

आता खेळ सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे.

पहिला, ‘तामा-इरे’. तामा म्हणजे चेंडू, इरे म्हणजे आत टाकणं. उंच खांबावर एक टोपली. खाली जमिनीवर कापडी चेंडू विखुरलेले, लाल संघाचे लाल, पांढऱ्यांचे पांढरे. शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम उचलायचे आणि टोपलीत फेकायचे. बस. या खेळात पटाईत असा कोणीच नसतो. ऑफिसात जो कोडचा राजा आहे त्याचे चेंडू बाहेर पडतात आणि रिसेप्शनवरची मावशी एकामागून एक आत टाकते. बरं, कोणाचा चेंडू आत गेला आणि कोणाचा बाहेर, हे त्या गर्दीत दिसतसुद्धा नाही. चुकलात तरी तुमचं नाव कोणी घेत नाही.

आणि मग मोजणी. ही मला खेळापेक्षा जास्त आवडते. वेळ संपली की दोन्ही टोपल्या खाली घेतात. दोन्ही संघांचा एकेक माणूस एकाच वेळी एकेक चेंडू बाहेर काढून आकाशात उंच फेकतो आणि अख्खं मैदान एका सुरात मोजतं: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु… एक, दोन, तीन. ज्यांची टोपली आधी रिकामी होते ते हरले. दोन्ही बाजू मिळून मोजतात! मला जपानी आकडे ऑफिसच्या एक्सेलमध्ये जमले नव्हते, ते त्या मैदानावर ओरडून ओरडून पाठ झाले.

तुम्हाला गंमत वाटेल, पण होक्काइदो बेटावरच्या वास्सामु नावाच्या गावात या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा होते. मोठ्यांसाठी टोपली 4.12 मीटर उंच, चेंडू 100, आणि शंभरच्या शंभर सगळ्यात कमी वेळात आत टाकणारा संघ जिंकतो.

दुसरा खेळ, ‘ओओनावातोबी’. लांबलचक दोरी, दोन जण दोन टोकांना धरून फिरवणार, मध्ये दहा-पंधरा जण रांगेत उभे राहून एकदम उड्या मारणार. एकाचा पाय अडकला की सगळ्यांचा आकडा पुन्हा शून्य. यात सगळ्यात महत्त्वाचा कोण माहितीये? उडी मारणारा नाही, दोरी फिरवणारा. सगळ्यात जड, सगळ्यात सावकाश माणूस बघून त्याच्या तालावर दोरी फिरवावी लागते. चांगला टीम लीड कसा असतो हे मला एकाही प्रेझेंटेशनमधून कळलं नव्हतं, ते तिथे दोरी फिरवताना कळलं.

तिसरा, ‘कारिमोनो क्योसो’, म्हणजे उसन्या वस्तूंची शर्यत. पळत जायचं, जमिनीवरची चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: ‘चष्मा’, किंवा ‘निळे मोजे’, किंवा ‘या वर्षी कंपनीत आलेला माणूस’. ते शोधून, उसनं घेऊन शेवटच्या रेषेपर्यंत पळायचं. अकाउंट्स विभागातली एक बाई, जिच्याशी मी चार महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते, ती पळत आली, माझा हात धरला आणि मला ओढत घेऊन गेली. तिच्या चिठ्ठीवर होतं, ‘दूरच्या गावाहून आलेली व्यक्ती’. आम्ही चौथ्या आलो. सोमवारपासून आम्ही एकत्र जेवायला लागलो.

आणि चौथा, पावाची शर्यत! ‘पान-कुई क्योसो’. दोरीला पाव टांगलेले, हात पाठीमागे, आणि उड्या मारत तोंडाने पाव पकडायचा. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपला ‘पाव’ही त्यांच्याकडूनच आला. म्हणजे एकच शब्द एका जहाजाने गोव्याला उतरला आणि दुसऱ्या जहाजाने नागासाकीला. हे मी दुपारी जेवताना सहकाऱ्यांना माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं. त्या दिवसानंतर ऑफिसात मी ‘नवीन भारतीय मुलगी’ राहिले नाही, ‘पाववाली’ झाले. (हसू) चालेल, मला आवडलं ते.

आता या चारही खेळांकडे एकदा नीट बघा. एक, नियम अर्ध्या मिनिटात कळतात, भाषा येत नसली तरी चालतं. दोन, ऑफिसात जे कौशल्य लागतं ते इथे उपयोगाचं नाही, म्हणून ऑफिसातली उतरंड इथे काही वेळ गुंडाळून ठेवली जाते. तीन, एकटा माणूस कितीही भारी असला तरी एकट्याने जिंकू शकत नाही. आणि चार, सगळे जण थोडे थोडे हास्यास्पद दिसतात, साहेबसुद्धा. तोंडात लोंबता पाव धरलेल्या साहेबाची सोमवारी भीती कशी वाटणार? क्रिकेटची मॅच ठेवली की हे होत नाही. तिथे अकरा जण खेळतात आणि बाकीचे टाळ्या वाजवून कंटाळतात.

इथपर्यंत सगळं छान. पण मी म्हटलं ना, मला एक चूक सांगायचीय. त्याआधी दोन मिनिटं इतिहास, कारण त्याशिवाय ती चूक नीट कळणार नाही.

जपानमधली पहिली उंदोकाई कुठे झाली? शाळेत नाही. 1874 साली, तोक्योच्या त्सुकिजी भागात, नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत. शिकवायला ब्रिटिश नौदलाचे अधिकारी आले होते, त्यांनी आपल्याकडचे मैदानी खेळ तिथे घेतले. मैदानी शर्यत हा प्रकारच नवा, त्यामुळे खेळांना नावं काय द्यायची असा प्रश्न पडला. मग धावण्याच्या एका शर्यतीला नाव दिलं ‘चिमणीची पिल्लं घरट्याबाहेर पडतात’. दुसरीला, ‘पाकोळी उडायला शिकते’. किती गोड ना? पुढे 1883 मध्ये तोक्यो विद्यापीठात फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकाच्या पुढाकाराने खेळांचा मेळावा झाला आणि कल्पना पसरत गेली.

पण ती शाळाशाळांत पोचली तेव्हा तिच्यासोबत आणखी एक गोष्ट पोचली. 1885 मध्ये मोरी आरिनोरी हे जपानचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांनी शाळांमध्ये लष्करी पद्धतीची कवायत आणली. रांगेत उभं राहा, एकदम वळा, एकदम थांबा. उंदोकाई म्हणजे मुलांच्या शरीरांना एका तालात हलायला शिकवण्याची जागाही झाली. गंमत आणि शिस्त, दोन्ही एकाच मैदानावर. युद्धाच्या काळात तर त्यातली गंमत आक्रसत गेली आणि कवायत वाढत गेली.

युद्धानंतर कवायत गेली, खेळ राहिले. कारखाने वाढले, एकाच कंपनीत आयुष्यभर नोकरी करायची पद्धत रुजली, आणि कंपनी म्हणजे दुसरं घर झालं. मग घराची उंदोकाई तशी कंपनीचीही. बायका-मुलंसुद्धा यायची. 1990 च्या सुमारास जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला, खर्च कापले गेले, आणि तरुण लोकही म्हणायला लागले, आमची सुट्टी आमची आहे. कंपन्यांच्या उंदोकाई कमी होत गेल्या. मग गेल्या काही वर्षांत परत आल्या, कारण लोक शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही मेसेज पाठवायला लागले होते. आता तर पैसे घेऊन कंपन्यांसाठी उंदोकाई भरवून देणारे व्यावसायिक आहेत. मैदान, टोपल्या, निवेदक, सगळं तेच आणतात.

पण ती जुनी कवायत पूर्ण गेली का? शाळांचंच बघा. उंदोकाईत मुलांचे मानवी मनोरे रचायची पद्धत होती. थर वाढत गेले. 2015 मध्ये ओसाका प्रांतातल्या याओ शहरात एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला, मुलं जखमी झाली. त्याचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. पुढच्याच वर्षी ओसाका शहराने आपल्या शाळांमध्ये मनोरे बंद केले. दहीहंडीच्या थरांवरून कोर्टापर्यंत गेलेले आपण, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या वेळी तिथले पालक एकच विचारत होते: सगळ्यात खालच्या थरातल्या मुलाला कोणी विचारलं होतं का, की तुला जमेल का?

आता माझी चूक.

तेव्हा मी त्या कंपनीत दोन वर्षं मुरले होते. त्या वर्षी मी आमच्या पांढऱ्या संघाची कॅप्टन होते. अंगात वारं शिरलं होतं म्हणा ना. दुपारपर्यंत आम्ही थोडक्यात मागे होतो आणि शेवटचा खेळ राहिला होता, ‘मुकादे क्योसो’. मुकादे म्हणजे घोण, शंभर पायांची. पाच जण एकामागे एक उभे राहतात, सगळ्यांचे डावे पाय एका दोरीला, उजवे पाय दुसऱ्या दोरीला बांधतात, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, आणि ‘इचि, नि, इचि, नि’ म्हणजे ‘एक, दोन’ करत धावतात. एकाचं पाऊल चुकलं की पाचही जण आडवे.

आमच्यात एक माणूस कमी पडत होता. तंबूत आमचे एक ज्येष्ठ सहकारी बसले होते. नाव नको, आपण त्यांना ‘सेनपाइ’ म्हणू. जपानीत कामात आपल्यापेक्षा आधी आलेल्याला सेनपाइ म्हणतात. पन्नाशी उलटलेली, शांत माणूस, टेस्टिंग करायचे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत माझे रिपोर्ट न बोलता दुरुस्त करून परत ठेवणारे ते एकटेच. मी पळत गेले आणि म्हटलं, सेनपाइ, चला ना, दोनच मिनिटांचा खेळ आहे.

ते म्हणाले, “हिझा गा चोत्तो…” म्हणजे, “गुडघा जरा…” आणि वाक्य तिथेच सोडलं.

जपानी शिकणाऱ्यांनो, तुम्हाला हे पहिल्या वर्षातच शिकवतात. ‘चोत्तो’चा अर्थ ‘थोडं, जरा’. पण कोणी ‘चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धं सोडलं की त्याचा अर्थ ‘नाही’ असतो. तोंडावर नाही म्हणणं अवघड, म्हणून वाक्य पूर्णच करायचं नाही. समोरच्याने समजून घ्यायचं. आपल्याकडेही आहे की हे! आपण लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघू, जमवतो’ म्हणतो तेव्हा जमवणार असतो का? मला हे माहीत होतं. परीक्षेत मी यावर मार्क मिळवले होते. पण त्या क्षणी मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, हळूच धावू. ते पुन्हा म्हणाले, “इया, चोत्तो…” तोपर्यंत मागून आमच्या संघाने त्यांच्या नावाचा जयघोष सुरू केला होता. टाळ्यांच्या तालावर. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते उठले.

पंचवीस-तीस पावलांवर आम्ही पडलो. चौघं हसत उठलो. सेनपाइ उठले नाहीत. घोट्याचं हाड मोडलं होतं.

दवाखान्यात ते मलाच म्हणत होते, “सुमिमासेन.” म्हणजे, माफ कर, माझ्यामुळे हरलो आपण. पाय सुजून टम्म झालेला माणूस माझी माफी मागत होता.

सोमवारी ऑफिसातून मला अपघाताचा फॉर्म आला. मी कॅप्टन, मी जवळ होते, म्हणून मी भरायचा. त्यात विचारलं होतं की ही व्यक्ती खेळात कशी सहभागी झाली. तुम्हाला वाटेल साधा प्रश्न आहे. तसं नाहीये. जपानमध्ये अशा कार्यक्रमात इजा झाली तर ती कामावरची इजा धरायची की नाही, हे मुख्यतः यावर ठरतं की येणं सक्तीचं होतं की ऐच्छिक. हजेरी लागत असेल, न आल्यास गैरहजेरी पडत असेल, तर ते काम. स्वतःच्या मर्जीने सुट्टीच्या दिवशी आलात, तर ते काम धरलं जाणं अवघड.

आणि आमची उंदोकाई कागदावर ऐच्छिक होती. शनिवार होता ना! पण महिनाभर आधीपासून भिंतीवर सगळ्यांच्या नावांची यादी लावलेली होती आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे गोल काढायचा होता. जपानीत गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. साठ नावं, एकोणसाठ गोल. एकाच नावापुढची जागा आठवडाभर कोरी होती, मग तिथेही गोल आला. कोणाची जागा होती ते तुम्हाला कळलंच असेल.

‘स्वतःच्या इच्छेने’ असं लिहिलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. सेनपाइसुद्धा नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या मार्चमध्ये वाढणार होतं आणि त्यावर माझा व्हिसा होता. मी तो फॉर्म दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. मग लिहिलं: “मी तीनदा विचारलं. दोनदा त्यांनी ‘चोत्तो’ म्हटलं. तिसऱ्यांदा सगळे त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होते, तेव्हा ते उठले.” माझ्या मॅनेजरने वाचलं आणि विचारलं, हे इतकं लिहायची गरज आहे का? मी म्हटलं, असंच झालं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी खाली शिक्का मारला.

पुढे विम्याचं काय झालं तो सेनपाइंचा आणि कंपनीचा मामला, तो मी इथे सांगणार नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आणि पुढच्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. उंदोकाई शुक्रवारी, ऑफिसच्या वेळेत, पगारी झाली. आणि भिंतीवरची यादी गेली. प्रत्येकाला फोनवर फॉर्म आला, त्यात तीन पर्याय होते: खेळेन. येईन पण खेळणार नाही. येणार नाही, ऑफिसात काम करेन. कारण विचारलेलं नव्हतं आणि उत्तर फक्त आयोजकालाच दिसणार होतं.

सेनपाइ आले नाहीत. त्यांनी तिसरा पर्याय निवडला आणि दिवसभर ऑफिसात टेस्टिंग केलं. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, लाल. ते म्हणाले, अरेरे. बस, एवढंच. कोणी त्यांना विचारलं नाही की का आला नाहीत. मला विचाराल तर आमच्या त्या वर्षीच्या उंदोकाईतली सगळ्यात चांगली गोष्ट ही होती.

उंदोकाई काम करते कारण तिथे सगळे एका तालात येतात. मी एकटी, भाषा न येणारी, त्या तालात ओढली गेले आणि माझं भलं झालं. पण तोच ताल एखाद्याला ओढतो आणि पाडतो. खेळ तोच, टाळ्याही त्याच. फरक एवढाच की मला आत यायचं होतं आणि सेनपाइंना नव्हतं. आणि हे आयोजकाला आधी कळलं पाहिजे, कारण टाळ्या सुरू झाल्यावर कोणीच नाही म्हणू शकत नाही.

तर चाकणच्या दादा, तुझ्यासाठी आता कामाच्या गोष्टी. लिहून घे, नाहीतर खाली वाचून घे.

कार्यक्रम कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत ठेव. साहेबांना हे पटवणं हे तुझं पहिलं काम, आणि सगळ्यात अवघड. फॉर्ममध्ये ते तीन पर्याय ठेव. ‘येईन पण खेळणार नाही’ म्हणणाऱ्यांना खरी कामं दे: मोजणी, शिट्टी, गुणफलक, निवेदन. चेंडू आकाशात फेकत मोजणारा माणूस हिरो असतो, लक्षात ठेव.

संघ विभागवार पाडू नकोस. सेल्स विरुद्ध प्रॉडक्शन केलंस तर ऑफिसातली भांडणं मैदानावर येतील. चिठ्ठ्या टाकून मिसळ. कँटीनवाले, ड्रायव्हर, सिक्युरिटीवाले यांनाही विचार, आणि त्यांच्याही त्या दिवसाची हजेरी लागेल हे बघ.

खेळ चार-पाचच ठेव. सुरुवात तामा-इरेने कर, कारण त्यात कोणी पडत नाही. बांबूला वेताची टोपली बांध, जुन्या कापडाच्या छोट्या पिशव्यांत धान्य भरून शिव, झाले चेंडू. मग उसन्या वस्तूंची शर्यत. रस्सीखेच घेणार असशील तर दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, हे आधीच बजाव. पाय बांधायचे खेळ, माणसावर माणूस चढायचे खेळ आणि पूर्ण वेगात पळायच्या लांब शर्यती सोडून दे. मोठ्या माणसांचं मन विशीतलं असतं, पाय चाळिशीतले असतात. सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करून घे. राजिओ ताइसोचा व्हिडिओ लाव, तुझे साहेब खूश होतील. डिसेंबरची सकाळ चांगली, पण अकरानंतर ऊन चढतं, तेव्हा तंबू आणि पाणी हवंच.

आणि शेवटचं. कोणी ‘बघू’ म्हणालं, ‘गुडघा जरा…’ म्हणालं, नुसतं हसून मान खाली घातली, तर ते उत्तर मिळालं असं समज. दुसऱ्यांदा विचारू नकोस. मी तीनदा विचारलं होतं.

सेनपाइ आता निवृत्त झालेत. नवीन वर्षाला मला कार्ड पाठवतात, जपानी पद्धतीप्रमाणे, पोस्टाने. या वर्षीच्या कार्डावर शेवटी एक ओळ होती की रोज सकाळी साडेसहाला रेडिओ लावून व्यायाम करतो, घोटा ठीक आहे.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या ऑफिसात तुम्हाला कधी ‘नाही’ म्हणता आलं नाही असा प्रसंग असेल, तर व्हॉइस मेसेज करून सांगा. नावं घेऊ नका, बाकी सगळं सांगा. आणि दादा, डिसेंबरमध्ये कोण जिंकलं ते कळव. लाल की पांढरे?

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.